ओव्यांची मांडणी

वस्तू जमविणे सोपे असते. त्या नीट लावून ठेवणे कठीण असते. नदीकाठचे गुळगुळीत गोटे, पक्ष्यांची पिसे, पोस्टाची तिकिटे, निरनिराळ्या झाडांची पाने असे काही ना काही जमविण्याचा छंद बहुतेक मुलांना असतो. पहिले आठ-पंधरा दिवस मोठ्या उत्साहात जातात. पुढे पेटी भरते, पेटीवर डबा येतो, डब्यावर पिशवी येते; आणि एखाद्या दिवशी मित्राला दाखविण्यासाठी नेमके मोराचे पीस हवे असते, तेव्हा ते काही केल्या हाती लागत नाही. पीस पेटीतच असते, पण ते असून नसल्यासारखेच होते. याउलट आजीचे फडताळ पाहावे. हळद कोठे, हिंग कोठे, गेल्या वर्षीची चिंच कोणत्या बरणीत, हे तिला पाठ असते. संध्याकाळी दिवा लागण्यापूर्वीच्या अंधारातही तिचा हात नेमक्या डब्यावर पडतो. आजीने कोणत्या पुस्तकातून ही विद्या शिकलेली नसते. परंतु ठेवलेली वस्तू सापडली पाहिजे, हे सूत्र तिने आयुष्यभर पाळलेले असते.

शब्दांच्या संग्रहाची गोष्ट याहूनही अवघड आहे. हळद रंगावरून ओळखता येते, हिंग वासावरून ओळखता येतो. पण लिहिलेले सगळे कागद दुरून सारखेच दिसतात. कोणत्या कागदावर काय आहे, हे वाचल्याखेरीज कळत नाही. दहा कागद असतील तर एकेक वाचून पाहता येतो. कागदांऐवजी लाख गीते असतील तर काय करावे? हा प्रश्न कल्पनेतला नाही. पुणे जिल्ह्यातील मावळ-मुळशीच्या डोंगरांत ज्या एका मोठ्या कामाची पाळेमुळे आहेत, त्या कामात तो खरोखरच उभा राहिला.

मुळशी तालुका पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वसलेला आहे. पौड हे तालुक्याचे ठिकाण. तेथून पश्चिमेकडे गेले की डोंगर जवळ येऊ लागतात, रस्ता वळणे घेऊ लागतो आणि ताम्हिणी घाटाशी येऊन कोकणात उतरतो. पावसाळ्यात येथे मेघ जणू मुक्कामालाच येतात. खाचरांतून भात डोलते, उतारावर नाचणी आणि वरई पिकते. इतिहासात या भूमीचे नाव कोरले गेले ते १९२१ साली. मुळशीच्या धरणाखाली आपल्या जमिनी जाऊ नयेत म्हणून येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली, ती याच लढ्यामुळे. या लढ्याची वार्ता वर्तमानपत्रांनी छापली, पुढे त्यावर ग्रंथ झाले. तो इतिहास आज वाचावयास मिळतो, कारण तो कोणीतरी लिहून ठेवला.

परंतु याच डोंगरांत आणखी एक इतिहास नांदत होता. तो कोणत्याही वर्तमानपत्रात छापला जात नव्हता. तो रोज पहाटे, कोंबडा आरवण्याच्या सुमारास, जात्याच्या घरघरीबरोबर उमटे आणि उजाडता उजाडता विरून जाई. तो इतिहास म्हणजे बायकांच्या ओव्या.

जाते म्हणजे दगडाच्या दोन वर्तुळाकार तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीला लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा धरून जाते फिरवावयाचे आणि दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे तोंडात सोडावयाचे. घरातील दहा माणसांच्या भाकरीचे पीठ असे रोज काढणे म्हणजे खांदे भरून आणणारे श्रम. म्हणून पुष्कळदा दोघी समोरासमोर बसत. सासू-सून, जावा-जावा किंवा मायलेकी. जात्याच्या फेऱ्याबरोबर एकीच्या ओठांवर ओवी येई, दुसरी तिला साथ देई. ओवी लहानशी, बहुधा दोन चरणांची. पण त्या दोन चरणांत काय नसे? माहेरची वाट असे, भावाची घोडी असे, पंढरीचा विठुराया असे, रानात सोडलेली सीता असे. लेकीच्या लग्नाची चिंता असे, पावसाने दिलेला दगा असे, सासरी ऐकावे लागलेले कठोर शब्द असत. जे कोणाला सांगता येत नाही ते बाई जात्याला सांगे. जाते ऐकून घेई, उलट बोलत नसे आणि कोणाला सांगतही नसे.

पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. गिरणीने बायकांच्या खांद्यांवरचे ओझे उतरविले, हे फार चांगले झाले. त्या श्रमांबद्दल कोणी हळहळू नये. पण ज्या क्षणी जाते थांबले, त्या क्षणी ओवीही थांबली. पूर्वी मुली आईच्या मांडीवर डोके ठेवून पहाटेच्या झोपेत ओव्या ऐकत आणि न शिकता शिकत. आता ती पहाटच उरली नाही. लग्नाआधी हळद दळण्याचा विधी तेवढा राहिला; त्या दिवशी जात्याला हळदकुंकू लागे आणि वडीलधाऱ्या बायका चार ओव्या म्हणत. बाकी सारे धन वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात साठलेले होते. त्यातील पुष्कळजणींना लिहिता येत नव्हते. एकेक म्हातारी डोळे मिटी, तसतशी शेकडो ओव्यांची एकेक कोठी कायमची बंद होई.

ही हानी काही माणसांना दिसली. गी पॉइतवाँ हे मूळचे फ्रान्समधील गृहस्थ. ते भारतात आले, पुण्यात राहिले, मराठी शिकले आणि भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर या पुण्याच्या अभ्यासक. मावळ आणि मुळशीच्या डोंगरवस्त्यांतील गरीब लोकांच्या संघटनेचे काम करीत असता या दोघांना ओवीचे मोल कळले. गावातील स्त्रिया मोकळेपणी बोलू लागल्या की बोलता बोलता ओवीवर येत; जे भाषणातून निघत नसे ते ओवीतून निघे. मग ओव्या लिहून घेण्याचे काम सुरू झाले. गावातल्याच कार्यकर्त्या बायका-पुरुषांनी ते अंगावर घेतले. मुळशीतील नांदगाव, कोळावडे, लवार्डे अशा गावांतील स्त्रियांच्या ओव्या कागदावर उतरल्या. हळूहळू कामाचा पसारा महाराष्ट्राच्या दूरदूरच्या जिल्ह्यांत गेला. अखेर हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या.

एक लाख हा आकडा उच्चारावयास सोपा आहे. तो समजून घ्यावयाचा तर थोडे गणित करावे. एका मिनिटात चार ओव्या वाचल्या, तर लाख ओव्या वाचण्यास पंचवीस हजार मिनिटे, म्हणजे सुमारे ४१७ तास लागतील. रोज आठ तास बैठक मारून वाचले तरी ५२ दिवस झाले! आता कोणी विचारले, "भावाला पावसात भिजताना पाहून बहिणीला काय वाटते, याविषयीच्या ओव्या काढून द्या," तर त्याला ५२ दिवसांनी यावयास सांगावे काय? आणि ५२ व्या दिवशी पहिल्या दिवशी वाचलेले आठवणार कसे? ओव्या मृत्यूच्या हातून सुटल्या होत्या. पण आता त्या ढिगाखाली गुदमरण्याचे भय होते. जात्यापाशी विरलेली ओवी आणि ढिगाऱ्यात हरवलेली ओवी, दोन्ही सारख्याच. म्हणून जमविणाऱ्यांपुढे दुसरे काम उभे राहिले. ते म्हणजे मांडणीचे.

मांडणीच्या अनेक रीती असतात. पहिली रीत अगदी सोपी : जसे येईल तसे ठेवावे. आज आलेले कालच्यापुढे. रोजनिशी अशीच लिहितात आणि रोजनिशीला ते शोभते, कारण तेथे दिवसाचा क्रम हाच अर्थ असतो. परंतु ओवीच्या बाबतीत ती कोणत्या दिवशी लिहून घेतली, यावरून तिच्या पोटात काय आहे हे मुळीच कळत नाही. दुसरी रीत गावाची : नांदगावच्या ओव्या एकत्र, कोळावड्याच्या एकत्र. ज्याला एका गावाचाच अभ्यास करावयाचा आहे, त्याला ही उपयोगी. पण ज्याला सर्व महाराष्ट्रातील सीतेच्या ओव्या हव्यात, त्याला हजार गावांची दारे ठोठवावी लागतील. तिसरी रीत वर्णानुक्रमाची. शब्दकोश असेच रचतात. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठीत २३ खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला, त्यातील विषयही मुख्यतः वर्णानुक्रमाने लावलेले आहेत. पण ज्ञानकोशातील लेखाला नाव असते. ओवीला नाव नसते. तिचा पहिला शब्द धरावा, तर एका गावात ती एका शब्दाने सुरू होते आणि पलीकडच्या गावात दुसऱ्याच शब्दाने. एकाच आईच्या लेकी, पण वर्णानुक्रम त्यांना एकमेकींपासून दूर नेऊन बसवितो.

राहिली चौथी रीत, विषयाची. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या आपल्या संग्रहात ओव्या विषयवार लावल्या आहेत. मुळशीतून निघालेल्या या कामातही हीच रीत स्वीकारण्यात आली. मात्र संग्रह अफाट असल्यामुळे मांडणी अधिक खोल करावी लागली. तिची कल्पना करावयाची तर एखादे डेरेदार झाड डोळ्यांसमोर आणावे. खोडातून मोठ्या फांद्या निघतात, फांद्यांना डहाळ्या फुटतात आणि डहाळ्यांना पाने येतात. त्याप्रमाणे येथे काही मोठे विभाग आहेत, त्यांचे पोटविभाग आहेत आणि पोटविभागांचेही लहान भाग आहेत. अगदी आरंभी सीता आहे. पुढे बाईचे कष्ट आहेत आणि त्या कष्टांत दळण हा वेगळा विषय आहे. पंढरपूर आहे, विठ्ठल-रखुमाई आहेत. आई आणि लेक आहेत, भाऊ आणि बहीण आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही आहेत. कारण ओवी ही केवळ पुराणातली गोष्ट नव्हे, ती काळाबरोबर चालत आली आहे. प्रत्येक विभागाला अक्षरांची आणि अंकांची खूण दिलेली आहे. शहरात जसे पेठ, गल्ली, घर असे विचारीत गेले की माणूस सापडतो, तसे या खुणांवरून ओवीचे घर सापडते.

येथे कोणी म्हणेल, विषयवार लावणे यात काय मोठेसे? सीतेची ओवी सीतेकडे, भावाची भावाकडे! प्रत्यक्ष करू लागले म्हणजे अडचण कळते. समजा, एका ओवीत बाई म्हणते की, आषाढात नदीला पूर आला आहे आणि मला माहेरी न्यायला निघालेला भाऊ पलीकडच्या तीरावर अडकून पडला आहे. ही ओवी कोठे ठेवावी? भावाची म्हणावी, तर माहेर रुसते. माहेराची म्हणावी, तर पाऊस रुसतो. पुराची म्हणावी, तर तिच्यातील माया बाजूला पडते. एका कपाटाच्या एकाच खणात एकच वस्तू बसते, पण अर्थ एका खणात मावत नाही.

ग्रंथालयांचे काम करणाऱ्यांना ही अडचण फार जुनी आहे. अमेरिकेतील मेलविल ड्यूई याने १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असे करीत प्रत्येक ग्रंथाला एक अंक दिला. जगभर ती पद्धत रूढ झाली. पण दोन-तीन विषयांचा संगम असलेला ग्रंथ आला की त्याला कोणता अंक द्यावा, याचा घोळ पडे. यावर एका भारतीयाने वेगळा तोडगा काढला. त्यांचे नाव शियाळी रामामृत रंगनाथन. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मुलांचे एक खेळणे पाहिले. त्यात पट्ट्या, चाके, खिळे, मळसूत्रे असे सुटे भाग होते आणि तेच भाग वेगवेगळ्या रीतीने जोडून निरनिराळी यंत्रे बनविता येत होती. रंगनाथनांच्या मनात विचार चमकला की, विषयही असाच सुट्या भागांनी बनलेला असतो. मग प्रत्येक ग्रंथासाठी तयार खण शोधण्यापेक्षा त्याच्या भागांच्या खुणा जोडून त्याचा अंक का बनवू नये? १९३३ साली त्यांनी आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. मुलांच्या खेळण्यातून एका शास्त्राला दिशा मिळाली ती अशी.

यातून सामान्य माणसाने घ्यावयाचे ते इतकेच की, वस्तूला घर एक असावे, पण तिच्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक असाव्यात. पुरात अडकलेल्या भावाची ओवी भावाच्या विभागात ठेवावी आणि माहेराच्या विभागात व पावसाच्या विभागात 'अमुक ओवी पाहा' अशी खूण करून ठेवावी. गावाच्या चौकात पाटी असते. पाटीवर गाव नसते, पण पाटीवरून गाव सापडते.

मांडणी करणाऱ्याला दोन मोह टाळावे लागतात. पहिला मोह खणांची संख्या वाढविण्याचा. दोन ओव्यांत तिळाएवढा फरक दिसला की नवा खण करावा असे वाटते. असे शंभर खण झाले की प्रत्येक खणात एकेकच ओवी उरते आणि मग खण शोधणे हे ओवी शोधण्याइतकेच कठीण होते. दुसरा मोह आळसाचा. जेथे ठरविता येत नाही, तेथे 'संकीर्ण' असे लिहून वस्तू टाकून द्यावी. घरातील माळ्यासारखी या 'संकीर्ण' खणाची अवस्था होते. वर गेलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही. थोडेसे संकीर्ण सर्वत्र असावयाचेच, पण तो खण फुगू लागला, तर आपली मांडणीच कोठे तरी चुकते आहे असे समजावे आणि ती धीराने पुन्हा करावी. खण आधी बनवून त्यांत वस्तू कोंबण्यापेक्षा वस्तू पुढे पसरून त्यांच्यातूनच खण कसे निघतात ते पाहावे. धान्य पाखडणारी बाई सूप हातात घेण्यापूर्वी रास डोळ्यांखालून घालते, तसेच हे आहे.

नीट मांडणी केली म्हणजे केवळ जुने सापडते असे नाही. नवेही दिसू लागते. रशियातील मेंडेलीव्ह या शास्त्रज्ञाने १८६९ साली त्या वेळी माहीत असलेली मूलद्रव्ये एका कोष्टकात लावली. लावता लावता काही घरे रिकामी राहिली. त्याने ती तशीच मोकळी सोडली आणि येथे बसणारी मूलद्रव्ये पुढे सापडतील असे सांगितले. १८७५ साली गॅलियम सापडले आणि ते त्यातील एका रिकाम्या घरात नेमके जाऊन बसले! ओव्यांच्या मांडणीतही असाच लाभ होतो. विखुरलेल्या असताना मुळशीच्या बाईची ओवी ही त्या एकटीचे रडगाणे वाटू शकते. पण शेकडो कोसांवरच्या बाईची तीच भावना सांगणारी ओवी तिच्या शेजारी येऊन बसली की दिसते, हे एकटीचे दुःख नव्हे. ज्या दोघींनी एकमेकींचे तोंडही पाहिले नव्हते, त्या एका पानावर भेटतात आणि एकीचा शब्द दुसरीला बळ देतो. वनवासातील सीतेला या बायका आपल्यासारखीच एक बाई का समजत असतील, याचा उलगडा त्या ओव्या एकत्र वाचल्यावरच होतो.

मात्र मांडणीचा एक धोका फार सूक्ष्म आहे. विभाग, पोटविभाग, खुणा आणि अंक यांच्या गर्दीत ती ओवी म्हणणारे माणूस हरवता कामा नये. शिंपी कापडावर खूण करतो, पण अंगरखा कोणाचा हे विसरत नाही. या संग्रहात ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या स्त्रीचे नाव आणि तिचे गाव यांची नोंद ठेवण्यात आली आहे. ज्या बाईने आयुष्यात कधी कागदावर स्वतःचे नाव लिहिले नसेल, तिचे नाव तिच्या शब्दांशेजारी लिहिले गेले. पुढे १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे जाणकार या कामात सामील झाले. कागदावर शब्द उतरतात, पण गळा उतरत नाही. म्हणून अनेक ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. हाताने लिहिलेल्या ओव्या संगणकात घालण्यात आल्या. गी पॉइतवाँ २००४ साली निवर्तले, पुढे काही वर्षांनी हेमाताईही गेल्या. पण काम अडले नाही. त्यांच्या सहकाऱ्यांना खणांच्या खुणा ठाऊक होत्या. २०१७ सालापासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयाने या ओव्या संगणकाच्या जाळ्यावर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. एका माणसाच्या डोक्यातली मांडणी त्या माणसाबरोबर जाते. लिहून ठेवलेली मांडणी दुसऱ्याच्या हाती सोपविता येते.

एवढ्या मोठ्या कामाचा धडा लहान मुलांच्या लहान संग्रहालाही लागू पडतो. मुळशीच्या एखाद्या खेड्यातील मुलीने वही केली आहे असे समजावे. तिने आजीकडून ऐकलेल्या गोष्टी लिहिल्या, ओढ्याकाठच्या पाखरांची वर्णने लिहिली, गावच्या जत्रेची हकीकत लिहिली, एखादी कविताही केली. वहीची चाळीस पाने भरली. आता तिने काय करावे? प्रथम प्रत्येक लेखाला असे नाव द्यावे की, ते वाचताच आत काय आहे ते कळेल. 'एक गोष्ट' हे नाव काही सांगत नाही; 'आजीने सांगितलेली वाघाची गोष्ट' हे नाव पुष्कळ सांगते. नावाखाली दिनांक घालावा आणि ते कोणाकडून ऐकले त्याचे नाव लिहावे. मग सर्व लेख पुढे ठेवून त्यांचे चार किंवा पाचच विभाग पाडावेत : ऐकलेल्या गोष्टी, पाहिलेली पाखरे व झाडे, गावचे सण आणि स्वतःच्या कल्पना. पानांना आकडे घालावेत आणि वहीच्या आरंभी अनुक्रमणिका करावी. जत्रेच्या हकीकतीत वाघाची गोष्ट आली असेल, तर तेथे 'पान अमुक पाहा' असे लिहावे. वही भरून दुसरी सुरू झाली की अनुक्रमणिका पुन्हा पाहावी. एका दुपारचे हे काम. पण ते केले नाही, तर दोन वर्षांनी ती वही स्वतः त्या मुलीलाही परकी वाटेल.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. त्यांतील एकाचा आशय असा की, वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे. वरवर पाहता हे सूत्र अगदी व्यवहाराचे वाटते; परंतु त्यात मोठी माणुसकी आहे. जो शोधावयास येणार आहे, त्याला आपण ओळखत नाही. कदाचित तो अजून जन्मालाही आला नसेल. तरी त्याने ताटकळू नये, त्याला दारात अंधार लागू नये, म्हणून आपण आज दिवा लावून ठेवतो. पाहुणा येण्यापूर्वी अंगण झाडून ठेवावे, तसे हे आहे. आणि ज्यांनी आपल्याला काही दिले, त्यांचाही यात मान आहे. म्हातारीने आठवून आठवून सांगितलेली ओवी वाटेल तेथे टाकून देणे म्हणजे तिने दिलेला घास सांडण्यासारखे आहे.

मुळशीच्या डोंगरांत आज बहुतेक घरांतली जाती कोपऱ्यात उभी आहेत. काही अंगणात पालथी पडली आहेत, काहींवर तुळशीची कुंडी बसली आहे. ती पुन्हा फिरावीत असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्याभोवती बसून ज्या बायकांनी आपले मन मोकळे केले, त्यांचे शब्द आज मागणाऱ्याला मिळतात. एखादी मुलगी आपल्या पणजीच्या गावाचे नाव सांगून ओवी शोधू लागली, तर ५२ दिवस थांबण्याची तिला गरज नाही. गाव सापडते, विषय सापडतो, आणि सुदैव असेल तर पणजीचे नावही सापडते. ज्यांनी ओव्या म्हटल्या त्यांचे ऋण मोठेच, पण ज्यांनी कंटाळा न करता एकेक ओवी हातात घेऊन, "बाई, तुझे घर कोठे?" असे विचारीत तिला तिच्या जागी नेऊन बसविले, त्यांचेही ऋण काही लहान नाही.